उजवीकडची शेवटची दाढ

४ फेब्रुवारी

छोटे,

फोन बंद लागला म्हणून तोंड फुगवून बसू नकोस. मी रागाने बंद केलेला नाही, घड्याळबाईंनी करायला लावलाय. फोनवर लगेच उत्तर द्यावं लागतं, मध्ये मध्ये "हो ना, हो ना" करावं लागतं, आणि तेवढ्यात माझी अख्खी सकाळ खलास होते. पत्र बरं. चार ओळी लिहायच्या, पेन ठेवायचं, आडवं व्हायचं. तू हे चहा पिता पिता वाचून टाकशील, पण मला लिहायला तीन दिवस लागलेत हे लक्षात ठेव आणि नीट वाच.

घड्याळबाई म्हणजे इथे मावशीकडे दवाखान्यातून दर मंगळवारी येतात त्या. मला वाटलं होतं व्यायाम शिकवतील. कसलं काय! त्यांनी मला थांबायला शिकवायला घेतलंय. स्वयंपाकघरात असतं तसलं टिकटिक करणारं एक घड्याळ दिलंय. दहा मिनिटं काम, ट्रिंग, वीस मिनिटं आडवं. दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. मी म्हटलं, "बाई, दमायच्या आधी कळणार कसं?" म्हणाल्या, "कळत नाही म्हणूनच घड्याळ." एक कागदही करायला लावलाय. ज्या ज्या गोष्टीला ताकद लागते ती त्यावर लिहायची. आंघोळ, केस विंचरणं, पाहुणे, मोठे आवाज. मावशीच्या गप्पा मी अगदी बारीक अक्षरात लिहिल्यात, कारण ती येता-जाता कागदात डोकावते.

आणि नियम मोडला की शिक्षा लगेच होत नाही गं, हीच तर गोम आहे. त्या दिवशी ठीक. दुसऱ्या दिवशीही ठीक. तिसऱ्या दिवशी मात्र अशी आडवी होते की पाण्याचा ग्लास उचलवत नाही. चौदा महिन्यांपूर्वीचा तो ताप आठवडाभरात गेला, पण जाताना अंगातलं सगळं झाडून घेऊन गेला.

आता मुद्द्यावर येते. माझ्या टेबलावर बसवलीस ती बाई कशी आहे? तीन महिन्यांसाठीच आहे ना? बाबांनी ती खोली दोनच टेबलांच्या बेताने घेतली. नळाजवळचं तुझं, खिडकीखालचं माझं. बारा वर्षं मी त्या खिडकीखाली बसून मेणात दात मांडले आणि तू त्या कवळ्या पक्क्या करून घासल्यास. तिथे दुसरं कोणी बसलंय हा विचार आला की मला झोप लागत नाही, आणि झोप हेच सध्या माझं औषध आहे. तेव्हा खरं खरं लिही. ती चांगली असेल तर थोडं कमी खरं लिहिलंस तरी चालेल.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

तोंड फुगवायला वेळ कुणाला आहे? सकाळपासून उभी आहे, हे पत्रसुद्धा कवळी गरम पाण्यात टाकून, ती पक्की होईपर्यंत लिहितेय.

नवी बरी आहे. मी तिला नवीच म्हणते, तीही ओ देते. पस्तिशीची, बुटकी. आधी एका मोठ्या लॅबमध्ये होती, तिथे म्हणे पंचवीस माणसं रांगेत बसून दात मांडतात. आल्या दिवशीच तिने तुझी खुर्ची खाली केली, कारण पाय टेकत नव्हते. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? दुपारपर्यंत दोन कवळ्यांची मांडणी करून मोकळी होते, तीही गुणगुणत. दातांच्या डॉक्टरांनी निरोप पाठवला की मांडणी सुरेख आहे. तू कमी खरं लिही म्हणालीस, म्हणून एवढ्यावरच थांबते.

हेडबाई येऊन गेल्या. हो, आपल्याच शाळेच्या. तू नऊ वर्षांपूर्वी केलेली त्यांची वरची कवळी तोंड धुताना बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. आता खालची-वरची दोन्ही नव्याने करायच्यात. दारातूनच विचारलं, "थोरली कुठाय?" म्हटलं, आजारी आहे बाई. "मग बरी झाली की करू दे. मी थांबते." म्हटलं, तोवर खाणार काय? "सूप. तिला कळव, मी सूप पितेय." अजूनही त्यांच्यापुढे माझे हात आपोआप मागे जातात.

त्या गेल्यावर नवीने ते दोन तुकडे खिडकीशी धरून कितीतरी वेळ पाहिले. म्हणाली, "समोरचा डावीकडचा दुसरा दात किंचित आत वळवलाय, म्हणून हसणं खरं वाटतं. एवढासाच कसा वळवला असेल?" मी म्हटलं, माहीत नाही. ताई, मला खरंच माहीत नाही. समोरचे सहा दात मांडताना तू माझ्याकडे पाठ करून बसायचीस. बारा वर्षं मी तुझी पाठ बघत कवळ्या घासल्या.

आता जरा कठीण बोलायचंय. नवीला जुन्या लॅबने परत बोलावलंय. ३१ मार्चपर्यंत तिला त्यांना उत्तर द्यायचंय. म्हणाली, "कायमची ठेवत असाल तर राहते, तात्पुरतं नको." इथे तिसरं टेबल सोड, तिसरं स्टूल मावत नाही. ती राहिली तर खिडकी तिची. तेव्हा तू केव्हा येतेस ते सांग. "बघू" नको, तारीख सांग.

आणि एक लिहून टाकते, हवं तर रागाव. मावशी तुझे पडदे ओढते, उशी सारखी करते, दहा मिनिटं झाली की पुरे म्हणते. मला चौदा महिन्यांत कोणी "जरा बस" म्हटलेलं नाही. तू आजारी आहेस हे मला कळतं. तरी जळफळाट होतो तो होतोच.

छोटी


१४ फेब्रुवारी

छोटे,

खुर्ची खाली केली म्हणजे काय? पाय टेकत नसतील तर पायाखाली खोकं घ्यावं. आल्या दिवशी लोकांच्या खुर्च्यांना हात लावणारी बाई, आणि तू बघत उभी राहिलीस! आणि गुणगुणते? अगं, समोरचे दात मांडताना मी श्वास रोखून धरते, आणि ही बाई गाणी म्हणते. मोठ्या लॅबमधून आलेली आहे, कळतंच. सगळ्यांच्या तोंडात सारखेच दात. पंचविशीतल्या मुलीचेही तेच आणि हेडबाईंचेही तेच.

त्या डावीकडच्या दाताबद्दल तिला अवाक्षर सांगू नकोस. तुला माहीत नाही तेच बरं.

हेडबाईंचं काम माझ्याकडे पाठव. त्यांच्या जबड्यांचे साचे बिजागरीवर चढवून पाठव, म्हणजे वरचा-खालचा जबडा उघडून-मिटून बघता येईल. दातांचा डबा, मेण, स्पिरिटचा दिवा आणि माझी सुरी. ती माझी सुरी वापरत असेल तर तिच्या हातातून काढून घे आणि पाठव. मी आता एका बैठकीत तासभर बसते. काल फाटकापर्यंत जाऊन आले आणि येताना मावशीची पिशवीही घेतली. घड्याळबाई तर बघतच राहिल्या. हेडबाईंच्या तोंडात कवळी नीट बसली की समज मी आलेच. १ एप्रिल धरून चाल. तोवर नवीला हो नाही, नाही नाही, काही म्हणायचं नाही.

आणि तू जळतेस होय! तू जिना चढतेस, छोटे. एकेकदा दोन पायऱ्या एकदम. इथे समोरच्या रस्त्यावरून बायका दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, बोलत बोलत जातात. मी खिडकीत पडून त्यांच्या पिशव्यांवर जळते. तू मला जळायचं काय सांगतेस?

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

पार्सल पाठवलंय. दात दोन पाकिटांत आहेत, वरचे चौदा, खालचे चौदा. तुझी सुरी खणातच होती, नवीने स्वतःची आणलीय. साचे तिने चढवून दिले. कशासाठी ते सांगितल्यावर फक्त एवढंच विचारलं, "त्यांच्याकडे उजेड चांगला आहे ना?" यातही तुला काहीतरी सापडेल चिडायला, पण तिने खरंच सरळ विचारलं.

तासभर बसतेस म्हणालीस. बसत असशील. पण मग आधीच्या पत्राला तीन दिवस का लागले ते मला कळलं नाही. घड्याळ लावून कर, दहा आणि वीस. महिना लागला तरी चालेल. हेडबाई थांबतील, त्यांनी आपल्याला तासन्‌तास ओणवं उभं केलंय, आता त्यांची पाळी.

छोटी


२६ फेब्रुवारी

छोटे,

झालं! चार दिवसांत! महिना लागू दे म्हणे. सोबत पार्सल आहे ते हळू उघड. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मांडलेत, मिटवून बघ, कागद घातलास तर अडकेल असे मिटतात. डावीकडचा तो दात काल सकाळच्या उजेडात वळवला. मावशीला काहीतरी आणायला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि एका झटक्यात वळवला. हात विसरत नाही गं. अंग कितीही विसरू दे.

नवीला दाखव. लांबून. हात लावू देऊ नकोस. आणि तिचा चेहरा कसा झाला ते सविस्तर लिही, पानभर लिही, मला वाचायला कितीही वेळ लागला तरी चालेल. गुणगुणणं थांबलं का तेही लिही.

घड्याळाचं विचारशील म्हणून सांगते, चालू आहे. तू तुझं काम बघ.

हेडबाईंना म्हणावं, सूप बंद करा.

ताई


८ मार्च

छोटी बाळा,

तुझ्या ताईला न सांगता लिहितेय, तेव्हा पत्र आलं असं तिला कळवू नकोस. ते पार्सल गेलं आणि दोन दिवसांनी ती जी आडवी झाली ती आजपर्यंत. पडदे बंद, दिवे बंद. माझ्या हातून चमचा पडला तरी कळवळते. काल मी तिला बाळाला भरवतात तसं भरवलं.

तिने चार दिवसांत केलं म्हणून कळवलं असेल, ते खरंच आहे. पण ते घड्याळ तिने टॉवेलात गुंडाळून कपाटात कोंबलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, बिघडलंय. मी भोळी, दुरुस्तीला द्यावं म्हणून शोधायला गेले तर कपाटातून टिकटिक! तोवर फार उशीर झाला होता. मी रागावले, तर मला म्हणाली, "मावशी, तुझी खुर्ची कोणी खाली केली आहे का कधी?" मला काही अर्थ लागला नाही.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, असं एकदा आपटलं की चार महिन्यांची कमाई जाते. आणखी एक-दोनदा झालं तर आहे ते तरी टिकेल की नाही, सांगता येत नाही. बाळा, तिच्या मनात तिथलं काहीतरी सलतंय. तिची जागा कोणी घेत नाहीये असं तिला लिही. खरं असेल तर बरंच, नसेल तरी लिही. पण तिला स्वस्थ पडू दे.

मावशी


११ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं नाही, कामात असशील. मीच लिहिते.

हेडबाईंना कवळी बसली! पक्की करून, घासून परवा दिली. आरशात पाहिलं, हसल्या, परत पाहिलं. म्हणाल्या, "हा थोरलीचाच हात." डॉक्टरांकडे मेणाची कवळी घालून बघितली तेव्हाच ते म्हणाले होते, झकास. एकही दात हलवावा लागला नाही.

नवीचा चेहरा विचारला होतास. पडला होता. गुणगुणणंही बंद.

तिला मी नाही म्हणून सांगितलंय. ३१ला ती जाईल. खिडकी तुझी आहे, तुझीच राहील. तू सावकाश ये, १ एप्रिलचा हट्ट धरू नकोस, मी एकटी निभावून नेईन. स्वस्थ पड.

छोटी


१८ मार्च

छोटे,

आज एवढंच लिहिणार आहे.

काल मावशीने माझा कामाचा एप्रन धुवायला काढला. खिशात एक दात होता. वरची उजवीकडची शेवटची दाढ, हेडबाईंच्या संचातली. मी हाताने ओळखली, डोळे मिटून ओळखली. म्हणजे मी ती बसवलीच नव्हती.

आणि तू लिहितेस, एकही दात हलवावा लागला नाही. मग त्या भोकात बाई काय घालून हसल्या?

खरं लिही. या वेळी कमी नको.

ताई


२१ मार्च

ताई,

दाढ वाटेत पडली असेल असं समजून मी गप्प बसले होते. तेवढी एकच गोष्ट असती तर मी कधीच काही बोलले नसते.

पार्सल उघडलं तर वरची मागची रांग उजवीकडे उतरत गेलेली होती. खालच्या दाढा वरच्यांना टेकतच नव्हत्या. मेण जागोजागी करपलेलं. आणि ताई, तो वळवलेला दात उजवीकडे होता. साचा आपल्याकडे तोंड करून ठेवला की त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं, हे बाबांनी आपल्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तू ते चुकलीस. तू! मी नळ सोडून ठेवला आणि आवाज जाऊ नये म्हणून त्याच्या शेजारी उभी राहून रडले. खरं सांगते, तोवर मला कुठेतरी वाटायचं की ताई थोडी दमलीय आणि थोडी लाड करून घेतेय. त्या दिवशी तुझं आजारपण मला पहिल्यांदा समजलं.

नवीने पाहिलं. हसली नाही. रविवारी सुट्टी असून आली. तुझं सगळं मेण उतरवलं, जुन्या कवळीचे ते दोन तुकडे समोर ठेवले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडत बसली. त्या एका दातापाशी तिचे तीन तास गेले. मला म्हणाली, "या, दाखवते कसा वळवलाय ते." मी गेले नाही. हात ओले आहेत म्हटलं.

हेडबाई जे बोलल्या ते मात्र मी बनवून सांगितलेलं नाही. "हा थोरलीचाच हात," असंच म्हणाल्या. नवी त्यांच्या शेजारी उभी होती. त्या गेल्यावर मला म्हणाली, "त्यांना कळवू नका, आजारी माणसाला लागेल." तिचा चेहरा वगैरे काही पडला नव्हता. ते मी तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं.

आता सगळ्यात वाईट. तिला नाही म्हटलं ते तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होते. तसं नाहीये. जे मला बारा वर्षांत आलं नाही ते तिने एका रविवारी करून दाखवलं. ती राहिली असती तर लोक म्हणाले असते, पहिली थोरली, दुसरी नवी, आणि ती नळाजवळची कोण? मी जळून तिला काढलं, ताई, आणि नाव तुझं पुढे केलं. ती "बरं" म्हणाली आणि हातातलं काम पुरं करायला बसली.

छोटी


२७ मार्च

छोटे,

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले, मग रडले, मग परत चिडले. उजवीकडे! पहिल्या दिवशीचं पोर जिथे चुकतं तिथे मी चुकले, आणि वर तुला ऐटीत लिहिलं, एका झटक्यात वळवला म्हणून. माझं ते पत्र जाळून टाक. घड्याळ कपाटात होतं. फाटकापर्यंत मी गेलेच नव्हते, आणि मावशीची पिशवी उचलायची तर गोष्टच सोड. सगळी थाप.

पण खरं काय झोंबलं सांगू? ती चुकली नाही. हेडबाई तिच्या कामाला माझं नाव देऊन गेल्या आणि ती बाई गप्प उभी राहिली. मिरवली असती, टोमणा मारला असता, तर मी इथे पडल्या पडल्या तिला मनसोक्त शिव्या दिल्या असत्या. तेवढंही सुख तिने मला ठेवलं नाही. आणि तिला माझा हात जमला! मला वाटायचं, माझ्यामागे तो कोणाला जमायचा नाही, लोक म्हणतील थोरली होती तेव्हाची गोष्ट वेगळी. जमला की एका रविवारी. तीन तास लागले म्हणतेस. मलाही पहिल्यांदा तेवढेच लागले होते.

मंगळवारी घड्याळबाई आल्या. कागद पाहून म्हणाल्या, "यात काहीतरी लिहायचं राहिलंय. दुपारी तुम्ही चांगल्या दोन तास आडव्या असता आणि उठता तेव्हा आधीपेक्षा जास्त दमलेल्या असता. पडल्या पडल्या काय करता?" म्हटलं, काही नाही, विचार. "कसला?" म्हटलं, एका बाईचा. मग सगळं सांगितलं. खुर्ची, गुणगुणणं, डावीकडचा दात, उजवीकडचा दात. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. पेन माझ्या हातात दिलं. मी आंघोळीच्याही वर, कागदाच्या डोक्याशी लिहिलं, नवी. आंघोळीला माझी दहा मिनिटं जातात, छोटे. हिला रोजची अख्खी दुपार जाते. गेले सहा आठवडे मी जी काही ताकद उशीखाली साठवली ती सगळी तिच्यावर जळण्यात घालवली, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. ती तिथे बसून दात मांडतेय.

१ एप्रिलला मी आले असते, हट्टाने आले असते. दोन दिवस बसले असते. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला उचलून मावशीकडे आणून टाकलं असतं, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मावशीने तुला लिहिलंय. हो, कळलं मला. ती फार वेळ गप्प राहिली की समजायचं, काहीतरी करून बसलीय.

तेव्हा तिला ठेव. कायमची ठेव, खिडकीत ठेव. तू नकार देताना माझं नाव पुढे केलंस ना, आता होकार देतानाही माझंच नाव पुढे कर. हा मोठेपणा समजू नकोस. मला ती आवडत नाही, अजिबात आवडत नाही, आणि ती मला आवडावी असा कोणी प्रयत्नही करू नये. पण ती जाणार आणि मी येणार असं असलं की माझ्या डोक्यात तारीख बसते, आणि तारीख बसली की मी घड्याळ कपाटात कोंबते. ती राहिली तर मला धावून गाठायचं काही उरत नाही. मला बरं व्हायचंय गं. दुसरं काही नको आता.

आणि तुझ्याकडे पाठ करून बसायचे ते मुद्दामच. तुला जमलं तर मला कोण विचारणार, ही धास्ती होती. तू माझी धाकटी, मी तुला पायात चप्पल घालायला शिकवलं, आणि एक दात वळवायला शिकवलं नाही. तिने बोलावलं तर हात पुस आणि जा. माझं नाव काढून रडत बसू नकोस तिथे, नीट बघ.

मी आल्यावर कुठे बसायचं ते मला विचारू नकोस. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि शोधायला लागले तर आजची दुपार जाईल.

हे पत्र मला चार दिवस लागलं, आणि चारही दिवस मी मत बदललं. मंगळवारी लिहिलं तिला ठेव, बुधवारी खोडलं, ते तुला वर दिसेलच, काल परत लिहिलं. आता पाकीट चिकटवून मावशीच्या हातात देतेय आणि तिला सांगितलंय, मी हाक मारली तरी मागे फिरायचं नाही. तुला मिळालं की उभ्या उभ्या नवीला सांग, मग बाकीचं काम. याच्या मागोमाग माझं दुसरं पत्र येईल. मी मला ओळखते. तिला सांगून झाल्याशिवाय ते उघडू नकोस.

ताई